स्पर्धेचा रोबोट चालवण्यासाठी जॉयस्टिकची कोणती पद्धत निवडावी? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोबोट बांधायला आठवडेच्या आठवडे जातात, पण तो चालवायचा कसा हे बहुतेक टीममध्ये घाईघाईत ठरतं. कोड लिहिणाऱ्याला जे आधी जमलं, तेच ड्रायव्हरच्या गळ्यात पडतं. मग मॅच हरल्यावर सगळे म्हणतात, "ड्रायव्हिंग कमी पडलं." माझं मत ठाम आहे: पद्धत ड्रायव्हरच्या हातांना विचारून ठरवा, लवकर ठरवा, आणि एकदा ठरली की तिला हात न लावता सरावाला लागा. खालची उत्तरं याच भूमिकेतून लिहिली आहेत.

जॉयस्टिकची पद्धत म्हणजे नेमकं काय? तिनं एवढा फरक का पडतो?

स्टिक कुठल्या दिशेला आणि किती ढकलली, याचा आकडा कोडला मिळतो. तो बहुधा उणे १ ते १ या दरम्यान असतो, व्हेक्स या रोबोटिक्स स्पर्धेच्या काही प्रोग्रामिंग साधनांत उणे १२७ ते १२७. या आकड्यांवरून कुठल्या मोटरला किती ताकद द्यायची, हे गणित म्हणजे पद्धत. यंत्र तेच राहतं, पण गणित बदललं की तोच रोबोट एकाच्या हातात शहाणा वाटतो आणि दुसऱ्याच्या हातात भिंतीवर आपटतो.

फरक पडतो कारण वेळ फार थोडा असतो. फर्स्ट टेक चॅलेंज या स्पर्धेत ड्रायव्हरच्या हातात दोन मिनिटं असतात, व्हेक्स व्ही५ मध्ये पावणेदोन, आणि फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनमध्ये बरीच वर्षं हा काळ सव्वादोन मिनिटांचा होता. एवढ्या वेळात ड्रायव्हरनं "आता कुठली स्टिक?" असा विचार करायचा म्हटलं, तर फील्डवर काय चाललंय हे बघायला डोकं शिल्लक राहत नाही.

आमची पहिलीच स्पर्धा आहे. नमनाला घडाभर तेल नको, काय वापरू ते सांगा.

दोन बाजूंची साधी चाकं असतील तर दोन स्टिकवर विभागलेलं आर्केड: डाव्या स्टिकनं पुढे-मागे, उजव्या स्टिकनं डावीकडे-उजवीकडे वळणं. मेकॅनम किंवा स्वर्व्ह, म्हणजे रोबोटला आडवंही सरकवणारी चाकं, असतील तर डाव्या स्टिकनं सरकणं आणि उजव्या स्टिकनं फिरणं. सोबत थोडा डेडबँड (स्टिकची मधल्या जागेजवळची बारीक हालचाल सोडून देणं), थोडी वक्र प्रतिक्रिया (स्टिक थोडीच ढकलली तर रोबोट त्याहून हळू चालणं) आणि हळू चालण्यासाठी एक बटण. एवढ्यावर पहिली स्पर्धा व्यवस्थित पार पडते. ही पद्धत नव्या माणसाच्या हातात लवकर बसते, आणि पुढे बदलायची वेळ आली तरी यातलं शिकलेलं बहुतेक वाया जात नाही.

मग टँक ड्राइव्ह इतक्या टीम का वापरतात?

टँकमध्ये डावी स्टिक डाव्या चाकांना आणि उजवी स्टिक उजव्या चाकांना थेट जोडलेली असते. मध्ये गणित जवळजवळ नाहीच. कोड दोन ओळींत होतो, म्हणून पहिल्या दिवशी रोबोट हलवून बघायला सगळे टँकच लिहितात आणि पुष्कळदा तेच कायम राहतं.

पण फक्त सोपी म्हणून ती टिकलेली नाही. एका बाजूची चाकं थांबवून दुसऱ्या बाजूवर रोबोट फिरवायचा, कोपऱ्यात अडकलेला रोबोट हळूहळू हलवत सोडवायचा, दुसऱ्या रोबोटशी रेटारेटी चालू असताना एका बाजूला थोडी जास्त ताकद द्यायची, अशा कामांत टँक फार चोख आहे. दोन्ही बाजूंची लगाम स्वतःच्या हातात हवी, असं वाटणारे ड्रायव्हर असतात. मुरलेला टँक ड्रायव्हर बघितला की ही पद्धत जुनी झाली असं म्हणवत नाही.

तिची खोट एकच, पण मोठी आहे. सरळ जायचं तर दोन्ही अंगठे तंतोतंत सारखे ढकलावे लागतात. स्टिक टोकापर्यंत नेली की प्रश्न नाही, कारण दोन्हीकडे आकडा १ च येतो. अर्ध्या वेगानं एखाद्या वस्तूकडे सरळ जायचं असलं की खरी परीक्षा. डावीकडे ०.५० आणि उजवीकडे ०.५५ गेलं की रोबोट डावीकडे झुकायला लागतो. यावर एक चांगला तोडगा आहे: एक बंपर, म्हणजे गेमपॅडच्या वरच्या कडेवरचं तर्जनीखालचं बटण, असा ठेवा की तो दाबलेला असेपर्यंत दोन्ही बाजूंना दोन स्टिकची सरासरी जाईल. लांबचं सरळ अंतर त्यावर काढायचं आणि वळताना बंपर सोडायचा.

आर्केड एका स्टिकवर ठेवावं की दोन स्टिकवर?

दोन. हे मी जवळजवळ प्रत्येक टीमला सांगेन, आणि त्याचं कारण अंगठ्याच्या रचनेत आहे.

गेमपॅड हातात घ्या आणि अंगठ्यानं स्टिक पुढे ढकला. आता ढकलतानाच अंगठ्याकडे नीट बघा. तो सरळ रेषेत जात नाही. त्याचा सांधा तळहाताच्या कडेला आहे, त्यामुळे टोक थोड्या वक्र वाटेनं सरकतं. पुढे-मागे आणि वळणं एकाच स्टिकवर असेल तर पुढे जायच्या प्रत्येक हालचालीत थोडं वळण नकळत मिसळतं. ड्रायव्हर ते दुरुस्त करतो, दुरुस्ती जरा जास्त होते, मग उलटी दुरुस्ती. बाहेरून बघणाऱ्याला रोबोट नागमोडी चाललाय असं दिसतं.

दोन स्टिकवर विभागलं की हा गुंता सुटतो. डाव्या स्टिकचा फक्त उभा अक्ष वाचायचा, उजवीचा फक्त आडवा. डावा अंगठा कितीही तिरका गेला तरी कोडला त्याचं सोयरसुतक नाही.

एका स्टिकचं आर्केड एका ठिकाणी मात्र खरोखर कामाचं आहे: एकाच माणसाला रोबोट आणि हात, म्हणजे वस्तू उचलणारी यंत्रणा, दोन्ही चालवायचं असेल आणि दुसरी स्टिक त्या हातासाठी हवी असेल तेव्हा. तसं करायचं झालं तर वळणाच्या अक्षावर डेडबँड जरा मोठा ठेवा.

वेग डाव्या हाताला द्यावा की उजव्या?

ज्याला जे नैसर्गिक वाटतं ते. गेम खेळणाऱ्यांना डाव्या स्टिकनं चालायची सवय असते, त्यांच्यासाठी डावीकडे वेग. रिमोटचं विमान किंवा ड्रोन उडवणाऱ्याची सवय त्याच्या ट्रान्समीटरच्या मांडणीप्रमाणे वेगळी असू शकते. त्याला विचारा, वाद घालू नका.

याहून महत्त्वाचा मुद्दा बटणांचा आहे. नेहमीच्या गेमपॅडवर ए, बी, एक्स, वाय ही बटणं उजव्या अंगठ्याखाली येतात. उजवा अंगठा वळणाच्या स्टिकवर असेल, तर बटण दाबायला तो स्टिकवरून उचलावा लागतो, म्हणजे नेमकं त्याच क्षणी रोबोट वळू शकत नाही. म्हणून चालता चालता लागणारी कामं, म्हणजे वस्तू आत ओढणं, फेकणं, हळू चालणं, ही तर्जनीखालच्या बंपर आणि ट्रिगरवर ठेवा. समोरची चार बटणं रोबोट थांबलेला असताना करायच्या कामांना द्या. काही गेमपॅडना मागच्या बाजूला जादा बटणं असतात, ती अशा वेळी फार उपयोगी पडतात. फक्त तो गेमपॅड तुमच्या स्पर्धेच्या नियमांत बसतो का, हे आधी तपासा.

कर्व्हेचर ड्राइव्ह म्हणजे काय? ती आर्केडपेक्षा चांगली आहे का?

आधी आर्केडचं गणित बघू.

डावी बाजू = वेग + वळण
उजवी बाजू = वेग − वळण

वेग ०.३ आणि वळण ०.५ दिलं तर डावीकडे ०.८ आणि उजवीकडे उणे ०.२ जातं. म्हणजे रोबोट जवळजवळ जागच्या जागी गिरकी घेतो. वळणाची स्टिक तिथेच ठेवून वेग ०.९ केला, तर बेरीज १.४ आणि ०.४ येते, मोटरला १ च्या वर देता येत नाही, आणि रोबोट मोठ्या वळणानं जातो. अंगठा एकाच जागी आणि वळणं दोन वेगळी, अशी ही गंमत आहे. वेग बदलला की वळण पुन्हा जुळवावं लागतं.

कर्व्हेचरमध्ये वळणाला वेगानं गुणतात.

डावी बाजू = वेग + (वेगाचं परिमाण × वळण)
उजवी बाजू = वेग − (वेगाचं परिमाण × वळण)

आता ०.३ वेगाला डावीकडे ०.४५ आणि उजवीकडे ०.१५ मिळतं. ०.९ वेगाला १.३५ आणि ०.४५ येतं. दोन्हींना १.३५ नं भागलं की १ आणि ०.३३. दोन्ही वेळा प्रमाण तीनास एकच राहिलं, म्हणजे रोबोट त्याच गोलाईवरून गेला, फक्त जोरात. वळणाची स्टिक इथे गाडीच्या स्टिअरिंगसारखी वागते: ती गोलाई ठरवते, वेग नाही. परिमाण घेतल्यामुळे, म्हणजे उणे चिन्ह सोडल्यामुळे, मागे जातानाही रोबोटची फिरण्याची दिशा तीच राहते.

यात एक अडचण आहे. वेग शून्य असेल तर वळणही शून्य होतं, म्हणजे उभ्या जागी फिरताच येत नाही. म्हणून एक बटण राखून ठेवतात. ते दाबलं की साधं आर्केड लागू होतं आणि रोबोट जागेवर फिरतो. फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनच्या जगात ही पद्धत 'चीझी ड्राइव्ह' या नावानं ओळखली जाते, कारण ती टीम २५४ मुळे, म्हणजे 'द चीझी पूफ्स'मुळे पसरली. त्या स्पर्धेच्या रोबोटचा कोड लिहायच्या डब्ल्यूपीआयलिब या लायब्ररीत ती टँक आणि आर्केडच्या शेजारीच तयार मिळते.

चांगली कुठली? फील्डच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जोरात धावायचं असेल तर कर्व्हेचर फार छान वाटते. सारखं थांबून, वळून, नेम धरायचा असेल तर ते जादा बटण डोक्याला भार होतं. नव्या ड्रायव्हरला आर्केडवर सुरुवात करू द्या, आणि तो स्वतःहून "जोरात असताना वळण हाताबाहेर जातं" म्हणाला की कर्व्हेचर दाखवा.

आर्केडमध्ये पूर्ण वेगात असताना रोबोट नीट वळत नाही. का?

कारण बेरीज १ च्या वर जाते आणि कोड ती नुसती छाटतो. वेग १ आणि वळण ०.४ असताना १.४ आणि ०.६ यायला हवं, पण छाटल्यावर १ आणि ०.६ उरतं. ड्रायव्हरनं मागितलेलं वळण अर्धं झालं. छाटण्याऐवजी दोन्ही आकडे मोठ्या आकड्यानं भागा: १ आणि ०.४३. थोडा वेग जातो, पण मागितलेली गोलाई मिळते. मेकॅनममध्ये चार चाकांना हीच गोष्ट लागू आहे, आणि तिथे ती विसरली तर परिणाम आणखी वाईट: तिरकं सरकताना रोबोट भलत्याच दिशेला जातो.

मेकॅनम किंवा स्वर्व्ह असेल तर काय बदलतं?

तीन गोष्टी एकाच वेळी सांगाव्या लागतात: पुढे-मागे, आडवं सरकणं आणि फिरणं. सर्वमान्य मांडणी अशी की डाव्या स्टिकनं रोबोट कुठे जायचा ते आणि उजव्या स्टिकच्या आडव्या अक्षानं तोंड कुठे करायचं ते. या मांडणीपासून दूर जायला मला सबळ कारण अजून दिसलेलं नाही. आडवं सरकणं ट्रिगरवर देणाऱ्या टीम असतात. त्यात सरळ जाताना अंगठ्याचा तिरकेपणा आड येत नाही हे खरं, पण तिरकं जायचं झालं की तीन बोटांचा मेळ घालावा लागतो.

मेकॅनमची चाकं १९७० च्या दशकात बेंग्ट इलोन या स्वीडिश अभियंत्यानं शोधली. चाकाच्या घेरावर ४५ अंशांत बसवलेले रोलर असतात आणि चार चाकांच्या फिरण्याच्या मेळातून आडवी गती मिळते. पण त्याच ताकदीत रोबोट पुढे जितका पळतो तितका आडवा पळत नाही. म्हणून बरेच जण आडव्या अक्षाला १.१ च्या आसपास गुणतात. हा आकडा आपल्या रोबोटवर जुळवून घ्या.

फील्ड-ओरिएंटेड चालवावं की रोबोट-ओरिएंटेड?

रोबोट-ओरिएंटेडमध्ये स्टिक पुढे म्हणजे रोबोटचं तोंड जिकडे तिकडे. फील्ड-ओरिएंटेडमध्ये स्टिक पुढे म्हणजे ड्रायव्हरपासून दूर, रोबोटचं तोंड कुठेही असो. रोबोट गरगर फिरत असतानाही त्याला सरळ रेषेत नेता येतं. यासाठी रोबोट किती अंशांत वळला आहे हे जायरो किंवा आयएमयू या वळण मोजणाऱ्या सेन्सरकडून घ्यावं लागतं. फर्स्ट टेक चॅलेंजच्या रोबोटवर लागणाऱ्या आरईव्ही कंपनीच्या कंट्रोल हबमध्ये आयएमयू आतच बसवलेला आहे.

सगळ्या दिशांना सरकणाऱ्या रोबोटला माझी पसंती निःसंशय फील्ड-ओरिएंटेडला आहे. ड्रायव्हर जागेवरून हलत नाही, फील्ड हलत नाही, म्हणून दिशाही हलू नये. साध्या दोन बाजूंच्या चाकांना मात्र याचा फारसा उपयोग नाही, कारण तो रोबोट आडवा सरकूच शकत नाही.

तीन गोष्टींची तजवीज हवी. एक, जायरो शून्य करायचं बटण. मॅचच्या मध्यात दिशा बिघडली तर ड्रायव्हर रोबोटचं तोंड सरळ करून ते दाबतो. हे बटण चुकूनही दाबलं जाणार नाही अशा जागी ठेवा. दुसरं, लाल आणि निळ्या बाजूचा फरक. फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनमध्ये दोन बाजूंचे ड्रायव्हर फील्डच्या विरुद्ध टोकांना उभे असतात, त्यामुळे एका बाजूसाठी "पुढे" १८० अंशांनी फिरवावं लागतं. सराव कायम एकाच बाजूनं केला असेल तर ही चूक थेट स्पर्धेत उघडी पडते. तिसरं, जायरो बंद पडला तर रोबोट-ओरिएंटेडवर जायचा मार्ग. आणि त्या अवस्थेतही थोडा सराव करून ठेवा.

कॅमेऱ्यातून बघून किंवा अगदी जवळून एखाद्या वस्तूवर नेम धरताना रोबोट-ओरिएंटेड सोपं जातं. त्यासाठी एखादा बंपर दाबून तेवढ्यापुरतं बदलता येईल अशी सोय करणाऱ्या टीम आहेत.

रोबोट आमच्याकडे तोंड करून येतो तेव्हा डावं-उजवं उलटं होतं. यावर उपाय?

साध्या चाकांवर खरा उपाय सराव हाच. त्यासाठी ड्रायव्हरला एक सवय लावा: स्वतःला रोबोटच्या आत बसलेलं समजायचं. सराव करताना सुरुवातच रोबोटचं तोंड स्वतःकडे करून करायची. बहुतेक जण उलट करतात, पाठमोऱ्या रोबोटवर तासन् तास घालवतात.

यासारखीच दुसरी गरज म्हणजे रोबोटची "पुढची" बाजू बदलणं. वस्तू एका बाजूनं उचलायची आणि दुसऱ्या बाजूनं टाकायची असेल तर एका बटणावर पुढची बाजू बदलून घ्या. आर्केडमध्ये फक्त वेगाचं चिन्ह बदलायचं, वळणाचं नाही. टँकमध्ये चिन्ह बदलून शिवाय डावी-उजवी स्टिकही अदलाबदल करावी लागते. हे दुसरं हमखास राहून जातं, आणि मग रोबोट मागे नीट जातो पण वळतो उलटा.

डेडबँड किती ठेवावा?

स्टिक सोडली तरी ती नेमकी शून्यावर येत नाही. थोडा आकडा उरतोच. तो मोटरला गेला की रोबोट उभ्या उभ्या गुणगुणतो किंवा हळूच सरकतो. डब्ल्यूपीआयलिबमध्ये डेडबँड आपणहून ०.०२ असतो. नव्या गेमपॅडला तो पुरतो, वापरून सैल झालेल्याला ०.०५ ते ०.१ लागू शकतो. अंदाजानं ठरवू नका: स्टिक सगळ्या बाजूंना ढकलून सोडा, प्रत्येक वेळी स्क्रीनवरचा आकडा बघा, सगळ्यात मोठ्या आकड्याच्या थोडं वर डेडबँड ठेवा.

डेडबँडच्या पलीकडचा भाग पुन्हा ० ते १ वर ताणून घ्यायला विसरू नका. नाहीतर स्टिक ०.१ ओलांडते तेव्हा रोबोट शून्यावरून एकदम ०.१ वर उडी मारतो, आणि बारीक नेम धरताना तीच उडी नडते.

स्टिक फार संवेदनशील वाटते. वर्ग करावा की घन?

आकड्याचा वर्ग केला आणि चिन्ह जपलं, तर ०.५ चं ०.२५ होतं. घन केला तर ०.१२५. टोकाला १ चं १ च राहतं, म्हणजे पूर्ण वेग जात नाही, पण मधल्या भागात अंगठ्याला बारीक कामासाठी जास्त जागा मिळते. वर्ग बहुतेकांना मानवतो. घन काही जणांना सुरुवातीला मेलेला वाटतो. त्यांच्यासाठी घन आणि साधा आकडा यांचं मिश्रण करा, आणि मिश्रणाचं प्रमाण ड्रायव्हर चालवत असताना बदलत जा. हा एक आकडा जुळवायला घालवलेला वेळ मोटर बदलण्यापेक्षा जास्त फळ देतो, असं मला मनापासून वाटतं.

वळणाला वेगापेक्षा जास्त वक्रता द्यायला हरकत नाही. वळणाचा कमाल आकडाही १ वरून ०.७ किंवा ०.६ वर आणून बघा. रोबोट किती जोरात फिरू शकतो याचं कौतुक पहिल्या दिवशी संपतं, नेम मात्र प्रत्येक मॅचला लागतो.

टँकमध्ये वर्ग करताना जपून. ०.५० आणि ०.५५ यांच्यात दहा टक्क्यांचा फरक होता, वर्ग केल्यावर ०.२५ आणि ०.३०, म्हणजे एकवीस टक्क्यांचा. अंगठ्यांतला फरक दुपटीनं वाढला. तिथे वक्रता सौम्य ठेवा.

हळू चालण्याचं बटण हवंच का?

हो. दाबून धरायचं ठेवा, एकदा दाबून चालू आणि पुन्हा दाबून बंद असं नको. गडबडीत आपण कुठल्या अवस्थेत आहोत हे ड्रायव्हर विसरतो. बोट दाबलेलं असलं की बोटालाच कळतं. वेग ३० ते ४० टक्क्यांच्या आसपास ठेवून सुरुवात करा. फार खाली आणला तर जड रोबोट घर्षणामुळे हलतच नाही.

रोबोट झटके खातो, उलटायला बघतो, बॅटरी बसते. यात स्टिकचा दोष आहे का?

स्टिक एका क्षणात पूर्ण पुढून पूर्ण मागे जाऊ शकते, रोबोट जाऊ शकत नाही. त्या क्षणी मोटर प्रचंड करंट ओढतात आणि १२ व्होल्टच्या बॅटरीचा व्होल्टेज कोसळतो. फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनच्या रोबोटवरचा कंट्रोलर म्हणजे रोबोरिओ, त्याच्या पहिल्या आवृत्तीत तो ६.३ व्होल्टच्या खाली गेला की कंट्रोलर मोटर बंद करून स्वतःला वाचवतो. ड्रायव्हरला दिसतं ते एवढंच की रोबोट अडखळला.

उपाय म्हणजे बदलाच्या वेगावर मर्यादा. डब्ल्यूपीआयलिबमध्ये त्यासाठी स्ल्यू रेट लिमिटर आहे. त्याला ३ दिलं तर शून्यापासून पूर्ण वेगाला जायला एक तृतीयांश सेकंद लागतो. पण हाच नियम थांबण्यालाही लावला तर काय होतं बघा: रोबोट सेकंदाला ३ मीटर धावत असेल, ड्रायव्हरनं स्टिक सोडली, आणि रोबोट एक तृतीयांश सेकंदात हळूहळू थांबला, तर तो अर्धा मीटर पुढे गेला. नेम हुकायला अर्धा मीटर पुष्कळ झाला. म्हणून वेग वाढवताना मर्यादा कडक ठेवा आणि कमी करताना सैल. उंच रोबोट मात्र थांबतानाही उलटू शकतो, तिथे दोन्हीकडे जपावं लागतं. वळणावर मर्यादा शक्यतो नकोच, फार आळशी वाटतं.

गेमपॅड घ्यावा की मोठी जॉयस्टिक?

मोठ्या जॉयस्टिकचा दांडा लांब असतो, त्यामुळे बारीक हालचाल मनगटानं अचूक होते, आणि टँक चालवणाऱ्यांना दोन दांडे फार आवडतात. पण त्या टेबलावर घट्ट बसवाव्या लागतात, नाहीतर जोरात ढकलताना सगळंच सरकतं. गेमपॅड हातात मावतो, अंगठ्यांसोबत तर्जनींनाही काम देता येतं, आणि आजच्या बहुतेक मुलांच्या हाताला तो आधीपासून ओळखीचा असतो. फर्स्ट टेक चॅलेंजमध्ये फक्त परवानगी असलेले गेमपॅडच चालतात, व्हेक्समध्ये त्यांचाच कंट्रोलर वापरावा लागतो, म्हणून निवडीचा प्रश्न मुख्यतः फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनमध्ये येतो. सरावाला आणि स्पर्धेला एकाच मॉडेलचा वापरा. शक्य असेल तर तोच नग.

एकानं चालवावं की दोघांनी?

रोबोटवर चाकांखेरीज दोन-तीन यंत्रणा असतील तर दोघांनी. एक फक्त चाकं बघतो, दुसरा, म्हणजे ऑपरेटर, हात, लिफ्ट, नेम. पण वाटणी करताना जी दोन कामं एकाच श्वासात करायची असतात ती एकाच माणसाकडे ठेवा. वस्तूवर रोबोट नेणं आणि ती आत ओढणं दोघांत वाटलं की प्रत्येक वेळी "घे!" असं ओरडावं लागतं. ओढायचं बटण चालवणाऱ्याकडेच द्या.

व्हेक्स आयक्यू या स्पर्धेत वेगळीच परिस्थिती आहे. ६० सेकंदांची मॅच आणि दोन ड्रायव्हर, साधारण ३५ ते २५ सेकंद उरलेले असताना कंट्रोलर एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात जातो. दोघांना एकच पद्धत मानवत असेल तर उत्तम. नसेल तर पद्धत बदलणारं एक बटण ठेवा, आणि कंट्रोलर हातात आल्याबरोबर ते दाबायचं याचाही सराव करा.

दोन पद्धतींत कुठली बरी हे चाचणी घेऊन कसं ठरवायचं?

नुसतं मोकळं फिरवून बघू नका, मोकळ्या जागेत सगळंच छान वाटतं. दोन खुणांभोवती आठचा आकडा काढायला लावा. भिंतीपासून वीतभर अंतरावर थांबायला लावा. रोबोट ड्रायव्हरकडे तोंड करून असताना कोपऱ्यातली वस्तू उचलायला लावा. वेळ मोजा आणि धक्केही मोजा, कारण वेळ कमी आणि धक्के जास्त ही चांगली खूण नाही.

पहिली पद्धत, मग दुसरी, मग पुन्हा पहिली, असा क्रम ठेवा. तसं न केल्यास दुसरी नेहमीच बरी ठरते, कारण तोवर हात तापलेला असतो. आणि शेवटच्या फेरीत कोचला शेजारी उभं करून मोठ्यानं सूचना द्यायला सांगा. जी पद्धत बोलणं ऐकत ऐकत चालवता येते, ती घ्या.

चाचणीच्या वेळी ड्रायव्हरच्या डोळ्यांकडे बघत राहा. नजर हाताकडे जात असेल तर बटणांची मांडणी अजून बसलेली नाही.

स्पर्धेच्या आदल्या दिवशी बदल केला तर चालेल का?

पद्धत बदलू नका. डेडबँडचा किंवा वळणाच्या कमाल मर्यादेचा आकडा थोडा हलवायला हरकत नाही, ड्रायव्हरला सांगून. न सांगता तर अजिबात नाही. आदल्या रात्री नवं बटण सुचलं तर ते ऑपरेटरच्या रिकाम्या बटणावर ठेवा, चाकं चालवणाऱ्याच्या हातात काही बदलू देऊ नका.

स्टिक पुढे ढकलली की रोबोट मागे जातो, किंवा स्टिक मेल्यासारखी वागते. आधी काय तपासू?

मागे जात असेल तर चिन्ह बघा. बहुतेक गेमपॅडवर स्टिक पुढे ढकलली की उभ्या अक्षाचा आकडा उणे येतो, तो कोडमध्ये उलटावा लागतो. सरळ जायच्या ऐवजी गोल फिरत असेल तर एका बाजूच्या मोटरची दिशा उलटलेली नाही. सरळ जाताना एकाच बाजूला हळूहळू झुकत असेल, तर कोडला हात लावण्याआधी रोबोट उचलून चाकं हातानं फिरवून बघा. घासणारं चाक किंवा सैल साखळी सापडण्याची शक्यता जास्त.

लॉजिटेक एफ३१० या गेमपॅडवर स्टिक मेली आणि दिशांचं प्लस बटणच रोबोट चालवायला लागलं, तर मधलं मोड बटण चुकून दाबलं गेलंय. त्याच्याजवळचा दिवा लागला असेल तर डावी स्टिक आणि दिशांचं बटण यांची अदलाबदल झालेली असते. पुन्हा दाबलं की पूर्ववत. याच गेमपॅडच्या मागे एक्स आणि डी असं सरकवायचं बटण आहे. ते डीवर गेलं की अक्षांचे क्रमांकच बदलतात आणि उजवी स्टिक भलतंच काही करते. एक्सवर ठेवून त्यावर पट्टी चिकटवून टाका.

फर्स्ट टेक चॅलेंजमध्ये गेमपॅड नव्यानं जोडल्यावर स्टार्ट आणि ए एकत्र दाबले की तो पहिल्या ड्रायव्हरचा होतो, स्टार्ट आणि बी दाबले की दुसऱ्याचा. फर्स्ट रोबोटिक्स कॉम्पिटिशनच्या ड्रायव्हर स्टेशन या लॅपटॉपवरच्या प्रोग्राममध्ये गेमपॅडसाठी ० ते ५ अशा सहा जागा असतात, आणि वायर काढून पुन्हा लावली की क्रम बदलू शकतो. यादीतलं नाव ओढून योग्य जागी आणा, त्यावर डबल क्लिक करून ते तिथेच पक्कं करा, आणि दोन्ही गेमपॅडवर चालक आणि ऑपरेटर अशी चिठ्ठी लावा.